शुक्रवारची खिचडी

देवाच्या जवळ जाण्याचे जितके म्हणून रस्ते आहेत, ते सगळे स्वतःच्या पायांनी चालून पाहिलेला माणूस उज्जैनमध्ये एकच आहे आणि तो माधव नगरात आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे राहतो. ज्या शहरात दहा पावलांवर एक देव भेटतो तिथं हे विधान धाडसाचं आहे, हे मला कळतं. शिवाय हे गृहस्थ ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे; रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, निवृत्त झाले आणि आमच्यासारखेच इथले होऊन गेले. मराठी बोलताना मध्येच ‘अपने को क्या’ म्हणतात. मी बँकेत होतो म्हणून मला ‘बँकवाले’ म्हणतात, आणि माझ्या बायकोला वहिनी म्हणायचे. लग्न केलं नाही. एका घरात दोन मालक कशाला, हे त्यावरचं त्यांचं कायमचं उत्तर.

पहिला रस्ता गाण्याचा. पहाटे उठून पेटीवर भजनं म्हणायची. पेटीचे दोन सूर मुके, आणि नेमके तेच त्यांना सारखे लागत; मग ते स्वतः तोंडानं भरून काढत. आमची ही कितीतरी दिवस त्याला अभंग समजून स्वयंपाकघरात ताल धरायची. एकदा नीट कान दिला तेव्हा त्यात येशूचं नाव निघालं. मी हसलो. ती म्हणाली, “चाल तर आपलीच आहे,” आणि पुन्हा ताल धरला.

दुसरा रस्ता प्रार्थनेचा. सकाळी फिरायला निघाले की प्रत्येक फाटकापुढे डोळे मिटून उभे राहायचे आणि त्या घरासाठी देवाकडे काहीतरी मागायचे. कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूला वाटलं, हा माणूस घराचा अंदाज घेतोय. त्यानं हटकलं, तर यांनी तिथंच त्याच्या मुलांची नावं विचारून घेतली. नावानिशी मागितलं की वर गोंधळ होत नाही म्हणे. ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्या फाटकापुढे जास्त वेळ उभे राहत. नळाच्या पाण्यावरून आमची कुरबुर झाली तेव्हा ते आमच्यापुढे इतका वेळ उभे राहिले, की शेवटी मीच बाहेर जाऊन नळ त्यांना सोडून दिला.

तिसरा रस्ता सेवेचा. सोमवती अमावास्येला हे मलमपट्टीची पिशवी घेऊन क्षिप्रेच्या राम घाटावर जात. अनवाणी चालून आलेल्यांच्या पायांचे फोड धुवायचे, औषध लावायचं. त्यांच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, मग आपण काय मोठे लागून गेलो, असा साधा हिशेब. एकदा मीही सोबत होतो. एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधून झाली तशी ती यांच्या पाया पडायला वाकली. हे घाईघाईनं तिच्या पायांवर वाकले. आधी कुणी उठायचं हे ठरेना. दोन म्हातारी माणसं पायरीवर तशीच ओणवी, आणि मागे स्नानाला निघालेली रांग खोळंबलेली. शेवटी एका पंड्यानं दोघांना धरून सरळ केलं आणि म्हणाला, “हो गया आशीर्वाद, अब आगे बढ़ो.”

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गुड फ्रायडेच्या आधीचे चाळीस दिवस यांचा उपवासकाळ. त्यातल्या एका शुक्रवारी यांचा उपवास आहे असं हिच्या कानावर आलं. उपवास म्हटल्यावर आमच्या घरात दुसरा विचार होतच नाही. दाण्याचं कूट घातलेली, वर लिंबू पिळलेली साबुदाण्याची खिचडी भिंतीवरून गेली. त्यांनी ती तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ली आणि उत्तम झाल्याचं सांगितलं. झालं. तेव्हापासून दर वर्षी, त्या काळातल्या दर शुक्रवारी वाडगा भिंतीवरून जायचा आणि परत येताना त्यात कधी कढीलिंब, कधी दोन पेरू असायचे.

मी संध्याकाळी फ्रीगंजच्या चहाच्या दुकानात बसतो. तिथं मला एक गमतीची गोष्ट हवीच असते. या शेजाऱ्याचं वजन उपवासात वाढतं, असं मी सांगितलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘साबूदाना बाबा’. नाव चाललं. दुकानदार त्यांना हाक मारून आजचा फराळ विचारू लागले. ते हसायचे. शनिवारी ते दिवसभर मौन पाळत, भाजीवाल्याशी हातवारे करत आणि तीन भोपळे घेऊन घरी येत. त्याचीही मी गोष्ट केली. खिचडीनं तोंड चिकटलंय, असं मी सांगायचो.

पुढे ते नाव त्यांच्या चर्चच्या मंडळीत पोहोचलं. उपवासकाळातल्या प्रार्थना चालवायला तरुण मुलं यांनाच बोलावणार होती. त्या वर्षी दुसऱ्या कुणाला बोलावलं. ज्याला स्वतःला खिचडी सुटत नाही, तो आम्हाला काय शिकवणार, असं कुणीतरी म्हणालं होतं. यांनी खुलासा केला नाही.

खुलासा मला गेल्या वर्षी मिळाला. ही जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. रीत म्हणून सुनेनं शुक्रवारी खिचडी पाठवली. नगरहून त्यांची धाकटी बहीण आली होती. तिनं वाडगा पाहून हात जोडले. त्यांच्या घरात या काळातल्या शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाहीत, दादानं तर लहानपणापासून कधी मोडलं नाही, असं ती अभिमानानं सांगत होती. दादा तिच्यामागे उभे राहून मला गप्प राहायची खूण करत होते.

बहीण आत गेल्यावर मी त्यांना भिंतीशी गाठलं. आधी सांगेनात. मग म्हणाले, “वहिनींनी दाणे खास माझ्यासाठी भाजले होते. नाही कसं म्हणू? मी वर विचारलं. वरून ‘खा’ आलं.”

“आणि उपवास?”

“शनिवारी करायचो. बोललो तर कुणीतरी जेवलात का विचारणार, आणि खोटं बोलता येत नाही. म्हणून तोंडच बंद.”

“मंडळीत तरी सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर फिरत फिरत वहिनींपर्यंत आलं असतं. इतकी वर्षं आपण याचा उपवास मोडला, हे त्यांच्या जिवाला लागलं असतं, बँकवाले. माझं नाव गेलं तर गेलं, अपने को क्या.”

मी फ्रीगंजमध्ये हे सगळं सांगितलं, पण ज्या जोरानं नाव चाललं होतं त्या जोरानं खुलासा चालत नाही. गेल्या रविवारी त्यांच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटून आलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहून द्याल का, असं विचारलं. म्हणून हे लिहिलं. हे त्यांच्या तरुण मुलांसमोर वाचलं जावं, एवढीच माझी इच्छा आहे.

परवा उपवासकाळातला पहिला शुक्रवार होता. दिवसभर मी भिंतीकडे फिरकलो नाही. सूर्य मावळल्यावर स्वतः केलेली खिचडी पातेल्यासकट घेऊन गेलो आणि वाडग्यात वाढली. माझा साबुदाणा भिजत नाही, भिजला तर त्याचा गोळा होतो. ते पायरीवर बसले, डोळे मिटून थोडं पुटपुटले आणि खाऊ लागले. पहिल्या घासानंतर थांबले.

“वहिनींसारखी नाही,” म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली. आत पेटी उघडीच होती. ते पुन्हा खाऊ लागले. मग त्यांनी रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “अजून थोडी वाढा.”