ब्रेकबाई एकटी निघाली

आमची आत्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन कुणाबरोबर तरी पळून गेली, ही बातमी शनिवारी सकाळी नऊच्या आत गल्लीभर झाली होती. इस्त्रीवाल्याने तर तो 'कुणीतरी' स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. जाडजूड, टोपीवाला. समोरच्या काकूंनी त्याला मिशाही लावल्या.

तर खरं असं. गाडी नेली, हे बरोबर. पळून गेली, हे साफ खोटं. ती चाळीसच्या वेगाने गेली, प्रत्येक वळणाआधी इंडिकेटर देत. आणि टोपीवाला म्हणजे शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली वळकटी, वर उन्हाची टोपी. ती सीट रिकामी बघवत नव्हती तिला. गेली अठरा वर्षं आत्या त्याच सीटवर बसून लोकांना गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून तिचं नावच ब्रेकबाई पडलं.

भडका उडाला शुक्रवारी. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे स्कूलच्या मालकाने, दोन नव्या गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "सोमवारपासून तू काउंटरला बस. फॉर्म भर, फोन घे. गाडीवर हा राहील." हा म्हणजे नवा गॉगलवाला, जो बंद खोलीतही गॉगल काढत नाही.

"का रे दादा?"

"अगं, शेजारी बसून ब्रेक दाबणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. लायसन्स काढल्यापासून एकटीने कुठे नेलीयेस का गाडी?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, कारण ते खरं होतं.

शनिवारी उजाडताच तिने खुंटीवरची किल्ली उचलली, गाडीत बसली, पट्टा लावला, म्हणाली, "चला, क्लच दाबा." गाडी हलेना. मग लक्षात आलं, आपण शेजारच्या सीटवर बसलोय. उतरून, गाडीला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत तिने दादाला जे काही म्हटलं, ते लिहिलं तर मला घरात जेवण मिळणार नाही.

रस्ता समुद्राच्या कडेने होता. समुद्र कसा होता, असं विचारलं तर म्हणते, "असेल. मला आरशात एक टेम्पो दिसत होता." टेम्पो हॉर्नवर हात ठेवूनच चालला होता. त्याच्यामागचेही तसेच. "ओ काकू, जमत नसेल तर बाजूला घ्या!"

"इंडिकेटर कोण देणार, तुझा आजोबा?" इंडिकेटर न देताच पुढे घुसणाऱ्या टेम्पोवर आत्या खिडकीतून ओरडली.

सगळे आपल्यालाच का टोचतायत, ते तिला जंगलाच्या नाक्यावर कळलं. चौकीदाराने टपाकडे बोट केलं. 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' ही पाटी काढायचीच राहिली होती.

"शिकाऊ गाडी एकटी? शिकवणारा कुठाय?"

"मीच."

"मग शिकणारा?"

"तोही मीच."

चौकीदाराने वाकून वळकटीकडे पाहिलं. "आणि हे साहेब?"

"फाटक उघडतोस, का तुलाही शिकवू?"

पाटी मात्र तिने काढली नाही. आता तर मुळीच नाही.

जंगलापलीकडच्या लॉजवर मुक्काम करून रविवारी परतताना, दाट झाडीतल्या उतारावर लाकडाचा ट्रक समोर आला. रस्ता एका गाडीपुरता, बाजूला दरी. कुणीतरी मागे जायलाच हवं, आणि भरलेला ट्रक जाणार नव्हता. ट्रकवाला उतरला, पाटी वाचली आणि मऊ आवाजात म्हणाला, "ताई, किल्ली द्या. मी घेतो मागे."

"हात तर लावून बघ."

रागाच्या भरात तिने चढावर गाडी मागे घेतली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर ओल्या पाल्यावरून चाक सरकलं. अठरा वर्षांत अशा वेळी गाडीत दोन ब्रेक असायचे, एक शिकणाऱ्याचा, एक तिचा. आता शेजारच्या ब्रेकपाशी वळकटी होती आणि वळकटीला पाय नव्हते. आत्याने स्वतःच्या पायाखालचा ब्रेक हळू, अगदी हळू दाबला. गाडी थांबली. ट्रकवाल्याने जाताना सलाम ठोकला. "वळणावर हॉर्न वाजव, गाढवा!" एवढंच तिने बक्षीस दिलं.

चार वाजता ती दारात. बाबा गाडीभोवती फिरत ओरखडे शोधू लागले.

"सापडला? नाही ना? मग बस शेजारी. तू शिकव, मी चालवते."

आमचे बाबा बसमध्ये बसले तरी पायाने ब्रेक दाबतात. मी आत्याच्या कानात म्हटलं, "पैज. पहिल्या चौकाच्या आत दाबणार."

"नाही दाबणार. हरलीस तर महिनाभर गाडी तू धुवायची."

मी मागे, वळकटीला धरून बसले. पहिला चौक गेला. दुसरा गेला. पूल, बाजार, बस डेपो गेला. बाबांचा पाय हलेना. वाकून पाहिलं तर बाबा घोरत होते.

आत्याने गाडी इतकी अलगद थांबवली की ते उठलेच नाहीत. मग तिचं पित्त खवळलं. तिने हॉर्नवर कोपर ठेवलं. "ऊठ! अठरा वर्षांत त्या सीटवर मी एकदा तरी डोळा मिटला का?"

"अगं... जरा डोळा लागला."

"मग काउंटर कुणाला?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गॉगलवाल्याचं अक्षर बरं आहे म्हणा."

आज माझा धुण्याचा अकरावा दिवस. चाकाच्या आतून अजून जंगलाचा पाला निघतो, आणि आत्या दारातून ओरडते, "आरसे! आरसे कोण पुसणार, तुझा बाप?"