वन्संनी घातलेले टाके

कल्याणहून धाकट्या दिरांचे पत्र आले ते कोपरा फाडलेले. आत काय असणार हे उघडण्याआधीच कळले. माझ्या यजमानांची थोरली बहीण, आमच्या द्वारकावन्सं, चार दिवसांच्या तापाने गेल्या. यजमानांनी पत्र दाराबाहेरच ठेवले, विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि मला हळूच म्हणाले, "गंगूला इतक्यात सांगू नको." गंगू आमची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी ठाण्याला आमच्या बिऱ्हाडी आलेली, आठवा महिना लागलेला. पण बाप भलत्या वेळी ओलेत्याने उभा आहे हे बघून न कळायला ती काही कुक्कुले बाळ नव्हती, आणि आत्याच्याच मांडीवर वाढलेली. तिने एवढेच विचारले, "आत्या?"

याला आता महिना उलटला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, "फार सोशीक होत्या हो." हा शब्द ऐकला की माझे डोके उठते. आपण ज्याला छळले आणि ज्याने आरडाओरडा केला नाही, त्याला सोशीक म्हणायचे, की झाले आपले काम.

मी नवरी होऊन कल्याणच्या घरी आले तेव्हा वन्सं विशी ओलांडलेल्या असतील. नवव्या वर्षी कपाळ पांढरे झालेले. अंगावर तांबडे आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, आणि दिवसभर चूल नाहीतर जाते. आमच्या आळीत तेव्हा प्रत्येक घरची सून आपापल्या कोपऱ्यात बसून घरच्या गोधड्या शिवी. भिंतीपलीकडच्या सुनेचे नावही ठाऊक नसे. वन्संनी सासूबाईंच्या मागे लागून एक पद्धत पाडली. जेवणे उरकली की सगळ्यांनी जुनी लुगडी घेऊन एका पडवीत जमायचे आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरची गोधडी मिळून शिवायची. महिन्याचे काम आठ दिवसांत होते म्हटल्यावर आळीतल्या सासवा खूश. त्यांना काम दिसले, वन्संना आम्ही दिसत होतो. त्या दुपारींमध्ये मला जेवढ्या मैत्रिणी मिळाल्या तेवढ्या माहेरीही नव्हत्या.

भाजीची पाटी घेऊन येणारी मोहने गावची बायजा आगरीण एकदा पायरीशी टेकली आणि म्हणाली, "बाय, मना पन येक सुय दे." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वन्संनी गोधडीचे एक टोक ओढून तिच्यापुढे केले. "धुतलेली चिंधी आहे, हिला कसला आलाय विटाळ? शिव तू." बायजाचे टाके आमच्या टाक्यांहून बारीक निघाले, तेव्हा ज्या तोंडे वाकडी करत होत्या त्याच ते शिकून घ्यायला सरकल्या.

समोरच्या सोनाराची सून रखमा. तिला नवरा मारी, आणि आळीत सगळ्यांना ते ऐकू येई. एक दिवस तिचा ओठ फाटलेला पाहून वन्सं म्हणाल्या, "आता पाळी रखमाची." पाळी खरे तर पाच घरांनी पुढे होती. आम्ही आठ जणी तिच्या पडवीत जाऊन बसलो. गोधडी मुद्दाम मोठी घेतली. सकाळी दोघी, दुपारी सगळ्या, दिवेलागणीला पुन्हा दोघी... नवरा आत यायचा, आमच्याकडे बघायचा, बाहेर जायचा. कोणी त्याला एक शब्द बोलले नाही. अडीच महिने ती गोधडी संपलीच नाही, आणि त्यानंतर त्याने हात उगारल्याचे ऐकिवात नाही. वेदशास्त्रसंपन्न मंडळींना जे जमले नाही ते एका बोडक्या बाईने सुईदोऱ्यावर करून दाखवले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

गंगूच्या वेळी माझे दिवस भरत आले, तशी बारशाच्या दुपट्याची मांडणी झाली. मधला चौकोन वन्संनी स्वतः शिवला. चार दिवस कोणाला हात लावू दिला नाही. आणि सगळ्या बसलेल्या असताना रखमा, हो, तीच रखमा, म्हणाली, "बारशाच्या दुपट्याला सवाष्णींचेच हात हवेत ना हो?" कोणीतरी 'चालतं गं' म्हणावे म्हणून मी एकेकीकडे पाहिले. सगळ्यांच्या माना खाली. आतून सासूबाई म्हणाल्या, "जानकी, तेवढं उसवून घे." माझे दोन मुलगे बारशाआधीच गेलेले होते... मला भीती वाटली. ती भीती खरी होती हे मी आजही नाकारत नाही. मी कात्री उचलली.

वन्संनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि सुई दिली. "कात्रीनं कापड फाटेल. सुईनं एकेक टाका उचल."

त्यांच्यासमोर बसून मी तो सगळा चौकोन उसवला. संध्याकाळपर्यंत रखमाने तो पुन्हा शिवून दिला, आणि छान शिवला.

त्या दिवसापासून वन्संनी गोधडीत सुई घातली नाही. रोज येत, कापडे कापत, ठिगळे जुळवत, खडूने रेघा मारत, म्हाताऱ्यांच्या सुया ओवून देत. "मी मांडते, तुम्ही शिवा," असे हसून म्हणत. एकीलाही 'घ्या ना सुई' म्हणावेसे वाटले नाही. मलाही नाही, गंगू जगली, रांगली, त्यांच्याच मांडीवर बोलायला शिकली, तरी नाही. अशी पंधरा वर्षे गेली. आळीत आज असे घर नाही जिथली गोधडी त्यांनी मांडलेली नाही. स्वतः मात्र घोंगडीवर निजत. सुई धरत ती फक्त फाटलेल्या आलवणाला. आणि ते आलवण त्यांच्यासोबतच गेले.

परवा गंगूने बाळाचे कपडे काढायला घेतले. तिची जुनी कुंची, झबली बाहेर आली, त्यांत ते दुपटेही आले. ते छातीशी धरून ती म्हणाली, "आई, हे आत्यानं शिवलं ना? माझ्या बाळाला पहिल्यांदा ह्यातच घ्यायचं."

हो म्हणाले असते तर निभावले असते. जिभेवर आलेच होते. पण मी तिला सगळे सांगितले, जसे इथे लिहिले तसे. ती दुपट्यावरून हात फिरवत ऐकत होती.

"म्हणजे ह्यात आत्याचा एकही टाका नाही?"

"नाही."

"आजीनं उसवायला लावलं?"

"हो. आजींनी."

तिने दुपटे माझ्या मांडीवर ठेवले.

"आणि उसवलं कोणी?"

"मी," म्हणाले. गंगू उठून आत गेली. दुपटे माझ्या मांडीवरच राहिले.