आशेची ओळ

रझाकारांच्या धामधुमीत नळदुर्गच्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात दर रविवारी एक म्हातारा यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. वहाणा काढून तो दाराजवळच बसायचा. मी तिथला शाळामास्तर; त्या दिवसांत दर वेळी एकच विलापाचं स्तोत्र वाचायचो आणि मंडळी एकेक ओळ माझ्यामागं म्हणायची. विलापाच्या ओळी तो मोठ्यानं म्हणायचा. शेवटी आशेची ओळ आली, की गप्प होऊन पागोट्याचं टोक चाचपत बसायचा.

एकदा मी कारण विचारलंच.

"पोरगं सोलापूरला म्हणून गेलं, परत आलं न्हाय. गाऱ्हाणं माजं हाय, ते म्हणतो. आशेची ओळ लई जड हाय, मास्तर. ती तुमी म्हणा, म्या ऐकतो."

पुढं तापानं माझी मुलगी गेली. त्या रविवारी शेवटच्या ओळीपाशी माझा आवाजच फुटेना. तेव्हा दाराजवळून म्हाताऱ्याच्या आवाजात ती ओळ आली. त्याला ती पाठ होती.

मंडळींनी ती त्याच्यामागं म्हटली. मी नुसता ऐकत राहिलो.