साडभाऊंचा अधिभार

माझ्या थोरल्या साडभाऊंइतका, आपणहून जास्त पैसे भरायला निघालेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. भाजीवालीनं मेथीचा भाव सांगितला की हे तिलाच विचारणार, "एवढ्यात तुले परवडते कावं?" मोठ्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, होत्या तोवर त्यांनी बाजाराची पिशवी यांच्या हाती कधी लागू दिली नाही. ताई गेल्या, कचेरीतली कारकुनीही संपली आणि साडभाऊंपाशी उरला तो फक्त रविवार. दर्यापूरजवळच्या तलावावर गळ टाकून बसायचं, सोबतीला तीन जुने दोस्त. स्वतः मासा खात नाहीत, पण गळाला लावायची कणीक गूळ-बडीशेप घालून अशी मळतात की एकदा भुकेपोटी मीच अर्धा गोळा खाल्ला. लहानसा मासा लागला तर त्याला दटावतात, "घरी सांगून आला का बे?" आणि अलगद पाण्यात सोडून देतात.

पुढे तलावात मासेच कमी झाले. दोस्तांनी नशिबाला बोल लावला. साडभाऊ मात्र तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीकडे अर्ज घेऊन गेले: आम्हा हौशी लोकांच्या वार्षिक परवान्यावर अधिभार लावा, त्यातून माशांची पिल्लं सोडा, काठाला झाडं लावा. असा अर्ज सोसायटीनं जन्मात पाहिला नव्हता. तो लगेच मंजूर झाला.

दोस्तांपैकी टेलरमास्तर भयंकर भडकले. "परवाना महाग काहून केला तुमी? मांगतलं होतं का कोनी?" तिघंही उठून तलावाच्या पलीकडच्या काठाला जाऊन बसले. वर्षभर साडभाऊ अलीकडे एकटे. मला म्हणाले, "बापू, मासे तं येतीन वापस. मानसाचं काई सांगता येत नाई." त्यांचा तो चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून पिल्लं आली. सोसायटीची माणसं पिशव्या भराभर ओतायला निघाली, तर साडभाऊ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात. "थांबा जी, आदी पान्याची सवय होऊ द्या त्याईले!" एकेक पिशवी पाण्यात धरून ठेवत त्यांनी सगळी पिल्लं स्वतःच्या हातानं सोडली. सर्दीनं मग आठवडाभर आमच्याकडे मुक्काम.

पुढच्या वर्षी टेलरमास्तरांना हातभर रोहू लागला. तो उंच धरून ते पलीकडूनच साडभाऊंकडे बघून ओरडले, "ओ बाबूजी, पायलं का?" थोड्या वेळानं तिघंही आपापली बिऱ्हाडं उचलून अलीकडे आले. माफी कोणी मागितली नाही. साडभाऊंनी नुसती सतरंजी सरकवून जागा केली.

मध्यंतरी मी सहज त्यांची दोरी ओढून पाहिली. टोकाला गळच नव्हता.

"ज्याईले म्या हातानं सोडलं, त्याईले आता वढू कसा, बापू?"

"मग दरवर्षी सगळ्यांच्या आधी परवाना कशाला काढता? अधिभारासकट?"

सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला टेलरमास्तर कोणाची तरी टर उडवत होते. साडभाऊ हळूच म्हणाले, "परवाना नसला तं याईच्यात बसू कोन्त्या नात्यानं?"

गेल्या महिन्यात मीही परवाना काढला. मला गळ टाकता येत नाही. रविवारी जाऊन त्यांच्या शेजारी बसतो.