नळदुर्गात भाऊ असताना गेस्ट हाऊस

नळदुर्गात माझा सख्खा भाऊ राहतो आणि मी नळदुर्गात गेले की गेस्ट हाऊसवर उतरते. घ्या, सांगून टाकलं. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी इथंच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढं मला मोकळं बोलता येईल.

मी बियाण्याच्या कंपनीत आहे. सोयाबीन फुलावर आलं की शेतकऱ्यांकडचे बियाण्याचे प्लॉट तपासायचे, पांढऱ्या फुलांत एखादं जांभळ्या फुलाचं झाड दिसलं की भेसळ म्हणून उपटायला लावायचं, हे माझं काम. त्यासाठी दरसाल आठ-दहा दिवस नळदुर्गात मुक्काम पडतो. अकरा वर्षं मी भावाकडंच उतरले. आमच्याकडं दुसरी रीतच नाही. गावात रक्ताचं माणूस असताना बाईनं बाहेर खोली घेतली, तर लोक दोनच अर्थ लावतात. एक तर ती रुसलीय, नाहीतर जमिनीची वाटणी मागायला निघालीय.

गेल्या साली एक प्लॉट लवकर उरकला आणि मी भर दुपारी घरी आले. स्वयंपाकघरात वहिनी परातीसमोर बसलेली. हात कणकेत, डोकं भिंतीला टेकलेलं आणि डोळे मिटलेले. बाई कणीक मळता मळता झोपली होती. गुडघ्याला पट्टा. फळीवर डब्याखाली दाबून ठेवलेली डॉक्टरची चिठ्ठी मी काढून वाचली. पंधरा दिवस जमिनीवर बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत, दुपारी झोप घ्यायची. वरची तारीख मी यायच्या आदल्या दिवसाची होती.

सहा दिवस मी तिच्या हातची तव्यावरची गरम पोळी खात होते. पंख्याखालची खाट, जी तिची होती, ती मला दिलेली. ती खाली चटईवर. आणि मी मूर्ख, रोज म्हणत होते, "वहिनी, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" मला माझीच इतकी चीड आली की तिथंच मटकन बसले.

ती दचकून जागी झाली. माझ्या हातात चिठ्ठी बघितली आणि रडकुंडीला आली. "वन्सं, त्यास्नी सांगू नका. म्हणतील, नणंद आली की बरा हिचा गुडघा दुखतोय."

मी शब्द दिला, सांगणार नाही म्हणून. पण पुन्हा तुझ्या घरी उतरणार नाही, हा दुसरा शब्द मी मनातल्या मनात स्वतःला दिला.

तर यंदा गेस्ट हाऊस. खताच्या दुकानावर पाच खोल्या, जिना बाहेरून. टेबलावरच्या काकांनी आधार कार्ड बघून विचारलं, "सोबत कोण?" म्हटलं, "मीच." त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा कार्डाकडं बघितलं आणि किल्ली दिली.

काय सांगू त्या किल्लीचं! पन्नाशी ओलांडली मी. वडिलांचं घर झालं, सासर झालं, भावाचं झालं, पण आतून कडी लावून बसले आणि कुणी "काय झालं, दार का लावलं?" विचारलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. आंघोळ माझ्या वेळेला. चहा नको तर नको, "माझ्या घरचा चहा गोड लागत न्हाय व्हय?" म्हणून कुणाचं तोंड उतरत नाही. पाय चिखलानं भरलेले असले तरी आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली आणि मग पाय धुणं, असला प्रकार नाही. चिखलाच्या बुटांना बाहेर एक कोपरा आणि फॉर्म भरायला माझं एक टेबल. हायवेवरचे ट्रक दिवसभर घों घों करतात, भिंतीला ओल आहे, उशी दगडासारखी. असू दे. रात्री ढाब्यावरची शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली, तेव्हा कुणी माझ्या ताटाजवळ उभं राहून "अजून अर्धी घ्याच" म्हणत नव्हतं. पोटापुरतं जेवले आणि उठले. याला लोक निराधारपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्याच दिवशी दुपारी भाऊ आला. सोबत आमचे चुलते, आणि चुलत्यांच्या हातात पिशवी. पिशवीत काय, तर साडी! माझा रुसवा काढायला. दोघं पलंगावर बसले, मी खिडकीच्या कट्ट्यावर.

चुलत्यांनी घसा खाकरला. "बाई, हायवेच्या लॉजवर बाईमाणूस एकटं, लोक काय म्हणतेत? मनात असंल ते बोल. कोर्टबिर्ट नको."

"कसलं कोर्ट, तात्या?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "आक्का, हक्कसोडवर तुझी सही राहिलीय, मला ठाव हाय. किती पाहिजे ते सांग. पर गावात असा तमाशा नको."

मला आधी हसू आलं, मग डोक्यात सणक गेली. वडील गेल्यापासून हा सहीचा काटा त्याच्या मनात सलत होता आणि मला पत्ताच नाही. म्हटलं, "वाटणी मागायची असली ना, तर तुझ्या घरी, तुझ्या पलंगावर मांडी ठोकून मागीन. माझा हक्क हाय तो. त्याला खोली भाड्यानं कशाला लागते?"

"मग इथं का?"

आता इथं माझी अडचण. खरं कारण सांगावं, तर वहिनीचा जीव टांगणीला. दोन्ही बापे लगेच म्हणणार, घरच्या बाईला पाहुणा जड झाला. त्या गुडघ्याचा उद्धार वर्षभर चालला असता. म्हणून मी कारणच दिलं नाही.

"मला आवडतं म्हणून."

"आवडतं?" चुलते असे बघायला लागले, जणू मी धर्मच सोडला.

"व्हय. लई आवडतं. साडी वहिनीला द्या."

भाऊ उठला. कान लाल झालेले. दारात थांबून म्हणाला, "जायच्या आत घरी आली न्हाईस, तर समज तुला माहेर न्हाय." आणि जिना उतरून गेला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. लई वाटलं. तो लहान असताना मीच त्याला कडेवर घेऊन हिंडवलाय. कडी लावून मी मनसोक्त रडले. पण घरी गेले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दारावर टकटक. वहिनी! एका हातात डबा, दुसऱ्या हातानं कठडा धरून, एकेक पायरी चढून आलेली. मनधरणीला तिला पाठवली होती, अजून पट्टा न सुटलेल्या त्या गुडघ्यानिशी. "चला वन्सं. त्यांनी कालपासून धड खाल्लं न्हाय. तुमी न आलात तर खरंच दार बंद करतील. माझ्यापायी तुमचं माहेर तुटायला नगं."

मी डबा टेबलावर ठेवला, आतून कडी लावली आणि पंखा पाचवर केला. "आधी पड पलंगावर. मग बोलू."

"आता? दुपारची?"

"डॉक्टरनं सांगितलंय. पड."

पाय लोंबते ठेवून बसली बिचारी. मीच उचलून वर घेतले, गुडघ्याखाली ती दगडासारखी उशी सरकवली. जरा वेळ छताकडं बघत राहिली, "भांडी तशीच हायत" म्हणाली आणि झोपली. तोंड उघडं, पदर विस्कटलेला, हलकं घोरत. तीस वर्षांत मी तिला दिवसाउजेडी आडवी झालेली बघितली नव्हती.

तासाभरानं माझा फोन वाजला. भाऊ. "कुठं हाय ती? पाहुणे आलेत, तिला धाड."

"झोपलीय."

"झोपली? अन् चहा?"

"तू कर."

फोनमधून डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. मग त्यानं आवाज खाली करून विचारलं, "आक्का, साखर कुठं असती?"

पलंगावरनं, डोळे मिटलेलेच, वहिनी पुटपुटली, "वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं."

मी फोनवर हात दाबला. मग हात काढला आणि म्हटलं, "मला काय ठाव? मी त्या घरची पाहुणी. तुझं घर हाय, हुडक." आणि फोन ठेवला.

वहिनीनं एक डोळा उघडला. "वन्सं, त्यास्नी घावल का?"

"न घावू दे. बिनसाखरेचा पितील."

तिनं सवयीनं तोंडावर हात ठेवला. मग दाराच्या कडीकडं बघितलं, हात काढला आणि खदखदून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसून झाल्यावर कूस बदलून म्हणाली, "पाचला उठवा."

मी उठवलं नाही.