झिलीची जागा

नात मला थंडीतल्या एका गाण्याला घेऊन गेली. लहानसं अंगण, शाली पांघरून बसलेली थोडी माणसं, आणि गिटारीवर पोवाडा म्हणणारी पोरं.

माझा थोरला भाऊ शाहीर होता. त्याच्या मागं उभा राहून मी ‘जी जी रं जी’ अशी झील धरायचो. तो गेल्यावर पुष्कळांनी बोलावलं, पण दुसऱ्या कुणामागं मी उभा राहिलो नाही.

इथं ओळ संपली, की झिलीची जागा गिटार भरत होती. बरी भरत होती, खोटं कशाला बोलू?

“आबा, धरा की झील!” नात म्हणाली. “किती अडून बसाल?”

“माझा शाहीर कुठंय त्यांच्यात?”

पण दर ओळीला माझी छाती आपसूक भरून यायची. मी तोंड उघडायचो, आणि नुसती वाफ बाहेर पडायची.