शाळेच्या दारातला उतार
ओल्या सिमेंटचा वास आला की भांडुपची ती शाळा आठवते. शेजारणीच्या पांगळ्या पोरीची चाकाची खुर्ची वर्गात नेता यावी म्हणून पायऱ्यांशेजारी उतार बांधत होते. "कायदाच आहे काका, नाही म्हणूच शकत नाहीत," शेजारीण हसून म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला. आमचीही लेक तशीच. कित्येक वर्षांपूर्वी, असा कायदा नव्हता तेव्हा, बायको तिला कडेवर घेऊन त्याच पायऱ्या चढली होती. "हिला घरीच ठेवा," मास्तर म्हणाले, आणि आम्ही हात जोडून परतलो. लेक अजून अंगठाच उठवते. घरी बायकोनं विचारलं, "शाळेत कसलं काम काढलंय हो?" "गटाराचं," मी म्हणालो. खरं कळलं असतं तर ती पेढे घेऊन त्या पोरीकडे धावली असती, आणि ते मला बघवलं नसतं. आता बायको गेली. गटार समजूनच गेली.